घरच्या लॅबमध्ये स्वतःचा मेल सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली उत्तरं डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा), डव्हकॉट (पेट्या सांभाळून मेल वाचायला देणारा) आणि आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा) हे त्रिकूट चालवणाऱ्यांना धरून लिहिली आहेत. तुमचं सॉफ्टवेअर दुसरं असेल तर सेटिंगची नावं बदलतील. अडचणी त्याच राहतील.

घरून मेल सर्व्हर चालवता येतो का, की आता तो मोठ्या कंपन्यांचाच उद्योग झालाय?

येतो. मात्र मेल घेणं आणि मेल पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. घेणं सोपं आहे. एमएक्स नोंद, म्हणजे डोमेनचा मेल कोणत्या यंत्राकडे द्यायचा ते सांगणारी डीएनएसमधली नोंद, बरोबर असली आणि पोर्ट २५ बाहेरून पोचत असला की जगातला कोणताही सर्व्हर तुमच्याकडे मेल आणून टाकतो. पाठवताना मात्र तुमच्या सेटिंगइतकीच तुमच्या आयपी पत्त्याची पत बघितली जाते, आणि ती काही कपाटातल्या यंत्रात नसते. घरगुती जोडणीचा पत्ता तर न पाठवलेल्या स्पॅमसाठीही आधीच संशयित धरलेला असतो. म्हणून शिकणाऱ्याला आमचा सल्ला असा: मेल साठवा घरी, पाठवा चांगली पत असलेल्या दुसऱ्या पत्त्यावरून. या एका निर्णयाने पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

काहीही इन्स्टॉल करण्याआधी काय तपासायचं?

राउटरच्या पानावर दिसणारा वॅन पत्ता आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरचा पत्ता एकच आहे का ते बघा. वेगळे असतील, आणि त्यातही राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटून देणाऱ्या व्यवस्थेच्या, मागे आहात. मग राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरून कोणी आत येऊ शकणार नाही.

दुसरी तपासणी पोर्ट २५ची. एखाद्या मोठ्या मेलसेवेचा एमएक्स शोधा आणि त्याच्या २५ क्रमांकाला टेलनेट किंवा नेटकॅटने जोडून बघा. '२२०'ने सुरू होणारी ओळ आली तर बाहेर जाण्याची वाट मोकळी आहे. कर्सर नुसता लुकलुकत राहिला आणि शेवटी टाइमआउट झाला, तर सेवादात्याने पोर्ट अडवलाय. ही चाचणी ५८७वर करून समाधान मानू नका. सर्व्हर एकमेकांशी २५वरच बोलतात.

मग पीटीआर, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद. ती डोमेनच्या डीएनएसमध्ये लिहून काही होत नाही. आयपी पत्ता ज्याच्या मालकीचा, तोच ती बदलू शकतो. शिवाय आपला पत्ता ब्लॅकलिस्ट चालवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या पीबीएल यादीत आहे का तेही बघा. या यादीत असणं म्हणजे तुमच्यावर स्पॅमचा आरोप नव्हे. 'या पट्ट्यातून थेट मेल येणं अपेक्षित नाही' एवढाच तिचा अर्थ, आणि घरगुती पट्टे बहुधा तिच्यात असतातच.

यातलं काहीच जुळत नाही. मग?

सर्रास वापरात असलेले दोन मार्ग आहेत.

पहिला रिलेचा, म्हणजे जाणारा मेल दुसऱ्या सर्व्हरमार्फत पाठवण्याचा. पोस्टफिक्सच्या 'रिलेहोस्ट' सेटिंगमध्ये एखाद्या मेल पाठवणाऱ्या सेवेचं नाव आणि पोर्ट ५८७ लिहायचा, युजरनेम-पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये ठेवायचा, आणि जाणारा सगळा मेल त्या वाटेने सोडायचा. यंत्राचं नाव चौकटी कंसात लिहायला विसरू नका. कंस नसेल तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधत बसतो. रिले घेतल्यावर एसपीएफ नोंदीत, म्हणजे तुमच्या डोमेनचा मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्या यादीत, त्या सेवेचा समावेश करावा लागतो. तो राहून गेला की मेल तर जातो, पण स्पॅममध्ये पडतो.

दुसरा मार्ग म्हणजे स्थिर पत्त्याचा एक छोटा भाड्याचा सर्व्हर आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन). इथे बरेच जण एका ठिकाणी हमखास अडकतात. बाहेरच्या सर्व्हरवर आलेलं पोर्ट २५ नुसतं मास्करेड करून, म्हणजे मूळ पत्त्याच्या जागी त्या सर्व्हरचा स्वतःचा लावून, घरी ढकललं, तर घरच्या पोस्टफिक्सला प्रत्येक जोडणी बोगद्याच्या त्याच एका आतल्या पत्त्यावरून आल्यासारखी दिसते. एसपीएफ तपासणी निरर्थक होते, ब्लॅकलिस्टचा उपयोग उरत नाही. आणि तो आतला पत्ता 'मायनेटवर्क्स'मध्ये (बिनपासवर्ड मेल पाठवू द्यायच्या पत्त्यांच्या यादीत) असेल तर तुम्ही सगळ्या जगासाठी ओपन रिले, म्हणजे कोणाचाही मेल कुठेही पाठवणारा सर्व्हर, उघडून बसलेले असता. उपाय दोन: पुढे एचएप्रॉक्सी (जोडण्या पुढे पोचवणारा प्रोग्राम) ठेवून प्रॉक्सी प्रोटोकॉलने मूळ पत्ता आत पोचवणं, किंवा मास्करेड काढून घरच्या यंत्रावर स्रोतपत्त्यानुसार राउटिंग लावणं, म्हणजे बोगद्यातून आलेल्याला उत्तरही बोगद्यातूनच जाईल.

आमची पसंती मात्र तिसऱ्याच मांडणीला आहे. भाड्याच्या सर्व्हरवर पूर्ण पोस्टफिक्स आणि आरस्पॅमडी बसवा. तो मेल घेईल, गाळेल आणि बोगद्यातून घरच्या यंत्राला देईल. जाणारा मेलही त्याच्यातूनच जाईल. घरची वीज गेली तरी मेल त्याच्या रांगेत थांबून राहतो. फक्त वैध पत्त्यांची यादी त्या सर्व्हरवरही ठेवा. नाहीतर तो कुठल्याही नावाने आलेला मेल स्वीकारेल, घरचं यंत्र नाकारेल, आणि खोट्या प्रेषकांना परतीचे मेल पाठवत तुमचा पत्ता स्वतःच बदनाम होईल. भाड्याचा सर्व्हर घेण्याआधी तिथला पोर्ट २५ बाहेर जायला उघडा आहे का आणि पीटीआर बदलू देतात का, हे विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी नव्या खात्यांना २५ बंदच असतो.

बोगद्यातून छोटे मेल जातात, मोठे अडकतात. का?

एमटीयू. वायरगार्डचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) साधारणपणे १४२० असतो. वाटेत कुठे आयसीएमपी अडवलेलं असेल तर मोठ्या पॅकेटला 'लहान हो' असं सांगणारा निरोप पोचतच नाही. लॉगमध्ये मेलचा मजकूर पाठवताना टाइमआउट झाल्याची नोंद दिसते. फायरवॉलमध्ये एमएसएस (टीसीपी पॅकेटमधल्या मजकुराची मर्यादा) क्लॅम्प करा, किंवा एमटीयू १२८०पर्यंत उतरवून बघा.

डोमेन न घेता सराव करता येईल का?

करता येईल, आणि तसाच करावा. दोन व्हर्च्युअल मशीन घ्या, दोन्हींवर पोस्टफिक्स टाका, आणि डीएनएसमास्क या छोट्या डीएनएस सर्व्हरने दोघांना दोन काल्पनिक डोमेन द्या. 'होम डॉट आर्पा' हे नाव घरगुती नेटवर्कसाठी २०१८ साली अधिकृतपणे राखून ठेवलंय. त्याची उपडोमेन वापरा. एका यंत्रावरून दुसऱ्याला मेल पाठवा. मग दुसरं बंद करून पाठवा आणि रांग बघा. मग चुकीच्या नावाला पाठवून परत आलेला मेल नीट वाचा. चाचणीसाठी स्वॅक्स नावाचं छोटं साधन आहे, ते एसएमटीपीचा प्रत्येक टप्पा पडद्यावर दाखवतं. असा आठवडाभराचा खेळ झाला की खऱ्या डोमेनवर होणाऱ्या बऱ्याच चुका इथेच होऊन जातात.

एक मेल येतो तेव्हा नेमकं काय बोलणं होतं?

हे एकदा हाताने करून बघाच. टेलनेटने आपल्याच सर्व्हरच्या २५ला जोडा. सर्व्हर '२२०' म्हणून स्वतःचं नाव सांगतो. तुम्ही 'ईएचएलओ' लिहून तुमचं नाव सांगता. तो '२५०'च्या ओळींत आपल्याला काय काय येतं याची यादी देतो: मेलची कमाल मर्यादा, स्टार्टटीएलएस (जोडणी कूटबद्ध करण्याची सोय) वगैरे. मग 'मेल फ्रॉम' आणि कोनी कंसात प्रेषक. '२५० ओके'. मग 'आरसीपीटी टू' आणि ज्याला पाठवायचं तो. खरी परीक्षा या ओळीवर होते: पत्ता आपल्याकडचा नसेल तर 'रिले ॲक्सेस डिनाइड' यायलाच हवं. पुढे 'डेटा', '३५४', मग हेडर, एक रिकामी ओळ, मजकूर, आणि शेवटी एका ओळीवर एकटा टिंब. '२५०' आणि रांगेतला क्रमांक आला की त्या क्षणापासून मेलची जबाबदारी तुमच्या सर्व्हरची.

यातून एक गोष्ट डोळ्यांना दिसते. 'मेल फ्रॉम'मधला प्रेषक आणि वाचणाऱ्याला दिसणारा 'फ्रॉम' हेडर या दोन वेगळ्या ओळी आहेत, आणि त्यांत वेगवेगळी नावं लिहायला कोणीही अडवत नाही. पाकिटावर एक नाव, आतल्या पत्रावर दुसरं. एसपीएफ पाकीट तपासतो, डीकेआयएम सहीचा खरेपणा तपासतो, आणि आतल्या पत्रावरच्या नावाशी या दोघांपैकी निदान एकाचा मेळ बसतो की नाही ते डीमार्क बघतो.

हाताने बसवावं की तयार संच घ्यावा?

शिकायचं असेल तर हाताने, वापरायचं असेल तर संच. मेलकाउ, मेल-इन-अ-बॉक्स, मेलू, डॉकर-मेलसर्व्हर हे प्रचलित संच आहेत. एकदा हाताने बसवलेलं असलं की संच बिघडल्यावर कुठे हात घालायचा ते कळतं. सांभाळून राहायचं ते नेटवरच्या जुन्या मार्गदर्शकांपासून. डव्हकॉटची २.४ आवृत्ती २०२५च्या जानेवारीत आली आणि तिची कॉन्फिगरेशन फाइल २.३शी जुळत नाही. डेबियन १३मध्ये २.४च आहे. त्यामुळे जुन्या लेखातून उचललेल्या ओळींवर डव्हकॉट सुरूच होत नाही, आणि माणूस दिवसभर आपलंच टायपिंग तपासत बसतो.

यंत्र किती ताकदीचं लागतं?

पाच-दहा जणांचे मेल हाताळायला १ जीबी रॅम पुरते. क्लॅमएव्ही (व्हायरस शोधणारा) घेतलंत तर सहीसंच मेमरीत चढवायलाच त्याला एकट्याला १ जीबीहून जास्त लागते. मेलकाउ सगळ्या घटकांसकट ६ जीबी मागतो. एसडी कार्डावर मेलबॉक्स ठेवू नका. सततच्या छोट्या लेखनाने कार्ड लवकर मरतं.

कोणते पोर्ट उघडायचे?

२५ सर्व्हर-सर्व्हरसाठी. ४६५ किंवा ५८७ तुमच्या फोन-लॅपटॉपला मेल पाठवण्यासाठी, आणि ९९३ वाचण्यासाठी. ४६५वर पहिल्या बाइटपासून टीएलएस असतं. २०१८ सालच्या आरएफसी ८३१४ने त्यालाच पसंती दिली आहे. ११० आणि १४३ बाहेरून बंद ठेवा. २५वर लॉगिनची सोयच काढून टाका, म्हणजे पासवर्ड ओरबाडणाऱ्यांची वर्दळ बरीच कमी होते.

डीएनएसमध्ये नेमक्या कोणत्या नोंदी?

यंत्राचं एक नाव ठरवा, समजा मेल.एक्झाम्पल.ऑर्ग. त्याची ए नोंद तुमच्या स्थिर पत्त्याकडे, त्या पत्त्याची पीटीआर परत याच नावाकडे, आणि पोस्टफिक्सचं 'मायहोस्टनेम'ही हेच. तिन्ही अक्षरशः सारखे हवेत. डोमेनची एमएक्स नोंद या नावाकडे जाते. एमएक्समध्ये आयपी पत्ता लिहिता येत नाही, आणि ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) असून चालत नाही.

एसपीएफसाठी डोमेनवर एकच टीएक्सटी नोंद. सर्व्हर स्वतःच पाठवत असेल तर 'व्ही=एसपीएफ१ एमएक्स -ऑल' एवढं पुरतं. जुनी ठेवून शेजारी नवी टाकली की दोन नोंदी होतात, आणि दोन असल्या की दोन्ही रद्द धरून तपासणी कायमच्या चुकीवर संपते. दुसरी मर्यादा: एसपीएफ तपासताना डीएनएसच्या १० चौकशांपुढे जाता येत नाही. दोन-तीन सेवांचे 'इन्क्लूड' जोडले की आतल्या आत त्या १० कधी ओलांडल्या ते कळतही नाही. आणखी एक, जे बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं: परतीच्या मेलला पाकिटावर प्रेषकच नसतो, तेव्हा एसपीएफ 'ईएचएलओ'मधल्या नावावर तपासला जातो. म्हणून मेल.एक्झाम्पल.ऑर्ग या नावालाही स्वतःची छोटी एसपीएफ नोंद द्या.

डीकेआयएमची किल्ली २०४८ बिटांची बनवा. तिचा सार्वजनिक भाग ३९०च्या आसपास अक्षरांचा होतो, आणि टीएक्सटी नोंदीतला एक तुकडा २५५ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही. काही डीएनएस सेवा तुकडे स्वतः पाडतात, काही नाही, आणि काही मुकाट्याने शेपूट कापून टाकतात. नोंद टाकल्यावर डिगने परत वाचून किल्लीचं शेवटचं अक्षर मूळ फाइलशी ताडून बघा. सिलेक्टरच्या, म्हणजे किल्लीच्या डीएनएस नोंदीच्या, नावात वर्ष घाला, म्हणजे किल्ली बदलताना जुनी-नवी ओळखू येते.

डीमार्क सुरुवातीला 'पी=नन' (काहीच कारवाई नको) ठेवा आणि अहवालाचा पत्ता द्या. दोन-तीन आठवडे मोठ्या मेलसेवांकडून येणारे एक्सएमएल अहवाल वाचा. तुमच्या नावाने जाणारा सगळा खरा मेल पास होतोय असं दिसलं की 'क्वारंटाइन' करा. पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' लावणारा माणूस घरच्या प्रिंटरचे आणि बॅकअपचे इशारे विसरलेला असतो.

एमएक्स बदलायच्या आदल्या दिवशी टीटीएल (इतरांनी नोंद किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणा.

ओपन रिले होऊ नये म्हणून काय बघायचं?

'मायनेटवर्क्स'मध्ये १२७.०.०.० पट्टा सोडून काही ठेवू नका. घरातल्या उपकरणांनाही युजरनेम-पासवर्डनेच पाठवू द्या. डॉकर वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. कंटेनरचं नेटवर्क फक्त आयपीव्ही४चं असेल आणि यजमान यंत्राला आयपीव्ही६ असेल, तर आयपीव्ही६ने आलेली जोडणी डॉकरच्या प्रॉक्सीतून आत शिरते आणि कंटेनरला डॉकरच्या गेटवेच्या पत्त्यावरून आल्यासारखी दिसते. तो पट्टा विश्वासातला असेल तर दार सताड उघडं. मोबाइल डेटावरून, म्हणजे पूर्ण बाहेरून, स्वॅक्सने परक्या पत्त्यावरून परक्या पत्त्याला मेल पाठवून बघा. आतून केलेल्या चाचणीला अर्थ नाही.

लॉगिन होतच नाही. लॉगमध्ये 'प्रायव्हेट/ऑथ' सापडत नाही म्हणतो.

पोस्टफिक्स पासवर्ड स्वतः तपासत नाही, डव्हकॉटला विचारतो, आणि विचारण्यासाठी एक सॉकेट फाइल लागते. डेबियनवर पोस्टफिक्सचा तो भाग स्पूल फोल्डरच्या आत कोंडलेला असू शकतो, म्हणून सॉकेट पोस्टफिक्सच्या स्पूलमधल्या 'प्रायव्हेट' फोल्डरातच बनवायला डव्हकॉटला सांगा. मालक आणि गट दोन्ही 'पोस्टफिक्स', परवानगी ०६६०.

एकच डोमेन 'मायडेस्टिनेशन' (यंत्रावरच्या लिनक्स युजरांची डोमेन) आणि व्हर्च्युअल यादीत, दोन्हीकडे चालेल का?

नाही. पोस्टफिक्स लॉगमध्ये तसं बजावतो, आणि व्हर्च्युअल मेलबॉक्स असूनही 'असा युजर नाही' म्हणून मेल परत जातात.

प्रमाणपत्राचं नूतनीकरण आपोआप होतं, तरी फोन 'मुदत संपली' म्हणतो.

डिस्कवरची फाइल नवी आहे, पण डव्हकॉटने सुरू होताना वाचलेली जुनीच त्याच्या मेमरीत आहे. नूतनीकरणानंतर चालणाऱ्या हुकमध्ये डव्हकॉट आणि पोस्टफिक्स दोन्हींना रीलोड करा. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत टीएलएस प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, त्यामुळे हुक राहून गेला तर बिघाड दोन-तीन महिन्यांनी, सगळं विसरल्यावर उगवतो. मुदत संपत आल्याचे मेलही त्यांनी २०२५च्या जूनपासून बंद केलेत. म्हणून क्रॉनमध्ये एक छोटी तपासणी ठेवा, आणि ती डिस्कवरची फाइल न बघता थेट ९९३ पोर्टवरून मिळणारं प्रमाणपत्र बघेल अशी लिहा. पोर्ट ८० उघडायचा नसेल तर डीएनएसवरून पडताळणी करून घ्या.

सगळं बरोबर आहे, तरी मेल स्पॅममध्ये पडतो.

जीमेलवर स्वतःला एक मेल पाठवा आणि तिथे 'मूळ मेसेज दाखवा' उघडा. वरच्या बाजूला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिघांचे निकाल असतात. तिन्ही पास असतील तर पुढचा शोध पीटीआर आणि पत्त्याचा. पीटीआरमध्ये आयपीचेच आकडे गुंफलेलं नाव असेल तर ते घरगुती जोडणीचं लक्षण मानलं जातं. २०२४च्या फेब्रुवारीपासून गूगलने मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम, जुळणारी पीटीआर आणि टीएलएस बंधनकारक केलंय. दिवसाला ५०००हून जास्त पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही. तुम्ही ५ मेल पाठवत असाल तरी तिन्ही ठेवा.

यानंतर उरतो तो वेळ. नव्या डोमेनवर आणि नव्या पत्त्यावर कोणी लगेच विश्वास ठेवत नाही. ओळखीच्यांना पाठवा, त्यांना उत्तर द्यायला सांगा, स्पॅममधून बाहेर काढायला सांगा. मजकुरात नुसती एक लिंक आणि विषयात 'टेस्ट' असे वीस मेल पाठवून पत वाढत नाही, उलट जाते. आणि शेजारच्या पत्त्यांच्या उद्योगांमुळे भाड्याच्या सर्व्हरचा आख्खा पट्टाच बदनाम असेल तर झगडत बसू नका, पत्ता बदला.

लॉग कसा वाचायचा?

आधी रांगेतला क्रमांक शोधा आणि तेवढ्याच क्रमांकाच्या ओळी गाळून काढा. शेवटच्या ओळीत 'स्टेटस' असतं. 'सेंट' म्हणजे समोरच्याने घेतला. इनबॉक्समध्ये पडला असा त्याचा अर्थ नाही. 'डिफर्ड' म्हणजे समोरून ४ने सुरू होणारा आकडा आला किंवा जोडणीच झाली नाही, पुन्हा प्रयत्न होईल. 'बाउन्स्ड' म्हणजे ५ने सुरू होणारा, विषय संपला.

त्याच ओळीत 'डिलेज' पुढे तिरक्या रेघांनी तोडलेले सेकंदांचे चार आकडे दिसतात. पहिला रांग-व्यवस्थापकापर्यंत पोचण्याआधीचा वेळ, दुसरा त्याच्याकडे थांबल्याचा, तिसरा जोडणी करण्याचा, चौथा प्रत्यक्ष पाठवण्याचा. तिसरा आकडा ३०च्या वर गेला असेल तर डीएनएस, पोर्ट किंवा आयपीव्ही६कडे बघा. पहिला मोठा असेल तर मेल तुमच्याच यंत्रात, बहुधा गाळणीत, अडकून राहिला होता.

एक डिफॉल्ट मात्र बदलाच. पोस्टफिक्स न गेलेला मेल ५ दिवस धरून ठेवतो आणि तोवर पाठवणाऱ्याला काहीही कळवत नाही. 'डिले वॉर्निंग टाइम' ४ तासांवर ठेवा. रांगेतली कमाल मुदत २ दिवसांवर आणली तरी घरगुती वापराला पुरे.

येणारं स्पॅम कसं आवरायचं?

आरस्पॅमडी प्रत्येक मेलला गुण देतो. डिफॉल्ट उंबरठे असे: ४ला ग्रेलिस्ट (तात्पुरता नकार), ६ला स्पॅमचा हेडर, १५ला नकार. तो हेडर बघून मेल 'जंक'मध्ये टाकणारा चार ओळींचा सीव्ह नियम डव्हकॉटमध्ये लिहा. बेझची, म्हणजे नमुन्यांवरून स्पॅम ओळखणाऱ्या भागाची, शिकवणी प्रत्येक बाजूचे २०० नमुने मिळेपर्यंत सुरूच होत नाही, म्हणून पहिल्या महिन्यात तिला नावं ठेवू नका. आणि नुसतं स्पॅम शिकवून भागत नाही, चांगले मेलही तितकेच लागतात.

ब्लॅकलिस्ट वापरायच्या तर आधी यंत्रावर स्वतःचा अनबाउंड (डीएनएस रिझॉल्व्हर) बसवा. ८.८.८.८ किंवा १.१.१.१ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारलं तर स्पॅमहाउस खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ हा त्रुटी दाखवणारा कोड देतो. उत्तर आलं म्हणजे पत्ता यादीत आहे, असा ढोबळ नियम लिहिलेला असेल तर त्या दिवसापासून तुमचा सर्व्हर जगातला सगळा मेल नाकारतो. राउटरच्या अपडेटने डीएनएस बदलला आणि मेल यायचे थांबले, अशा तक्रारीमागे पुष्कळदा हेच निघतं.

'कोणत्याही नावाने आलेला घ्या' अशी कॅच-ऑल पेटी ठेवू नका. नकार द्यायचा तो दारातच, एसएमटीपी बोलणं चालू असतानाच.

वीज गेली, सर्व्हर दोन दिवस बंद राहिला. मेल गेले का?

बहुधा नाही. पाठवणारे सर्व्हर साधारण ४-५ दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतात. आरएफसी ५३२१ची अपेक्षाही तीच आहे. धोका आहे तो अर्धवट बंद पडण्यात. डिस्क भरली किंवा युजरांचा डेटाबेस उठला नाही, आणि पोस्टफिक्सने 'असा युजर नाही' म्हणून ५५० दिलं, तर तो मेल कायमचा परत गेला. नवं काही जोडताना 'सॉफ्ट बाउन्स' सेटिंग चालू ठेवा, म्हणजे कायमचे नकारही तात्पुरते होऊन जातात. काम झालं की बंद करा. बॅकअप एमएक्स (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेणारा दुसरा सर्व्हर) मात्र घेऊ नका. त्याची गाळणी कच्ची असते हे स्पॅमवाल्यांना माहीत असतं आणि ते मुद्दाम तिथूनच येतात.

१० एमबीची फाइल का जात नाही?

पोस्टफिक्सची डिफॉल्ट मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, आणि बेस६४मध्ये बांधताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. म्हणजे प्रत्यक्षात साडेसात एमबीच्या आसपास. मर्यादा वाढवा, समोरच्याची वाढवणं तुमच्या हातात नाही.

आयपीव्ही६ चालू ठेवावं का?

त्याची पीटीआर लावता येत असेल तर ठेवा. नसेल तर पाठवण्यापुरतं आयपीव्ही४च वापरायला पोस्टफिक्सला सांगा.

माझ्याकडे आलेला मेल पुढे जीमेलला फॉरवर्ड केला की अडतो.

पाकिटावर मूळ प्रेषक तसाच राहतो आणि पाठवणारा पत्ता तुमचा, म्हणून एसपीएफ नापास होतो. एसआरएसने पाकिटावरचा प्रेषक बदलता येतो, पण फॉरवर्ड झालेलं स्पॅम तुमच्याच नावावर जमा होतं. त्यापेक्षा फोनवर दुसरं खातं जोडून थेट वाचा.

रोज शेकडो लॉगिनचे प्रयत्न दिसतात. घाबरायचं का?

नाही, पण फेल२बॅन (पुन्हापुन्हा चुकणाऱ्या पत्त्याला अडवणारं साधन) लावा, पासवर्ड लांब ठेवा आणि प्रत्येक उपकरणाला वेगळा द्या. एकच खातं फुटलं तरी एका रात्रीत हजारो स्पॅम तुमच्या नावाने जातात, म्हणून प्रत्येक खात्याला तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादा आरस्पॅमडीत घाला.

बॅकअप कशाकशाचा?

मेलडिरमध्ये प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असते, त्यामुळे साधा आरसिंकही चालतो. त्यात 'डव्हकॉट-यूआयडीलिस्ट' फाइल वगळू नका. ती हरवली तर सगळे फोन सगळे मेल पुन्हा नव्याने उतरवून घेतात. शिवाय डीकेआयएमच्या खाजगी किल्ल्या, युजरांची यादी, सीव्ह नियम आणि आरस्पॅमडीचा रेडिस (त्याचा डेटाबेस). परत मांडून बघितल्याशिवाय बॅकअप मोजू नका: एक रिकामं व्हर्च्युअल मशीन घ्या, नेटवर्क तोडून त्यावर सगळं चढवा आणि एक मेल उघडून बघा.

मुख्य पत्ता इथे कधी हलवायचा?

आधी तीन-चार महिने बिनमहत्त्वाच्या मेलसाठी वापरा. प्रमाणपत्राचं निदान एक नूतनीकरण, एक मोठं अपडेट आणि बॅकअपची एक उजळणी तेवढ्यात होऊन जाते. मग एकेक खातं हलवा, बँक सगळ्यात शेवटी. दोन पत्ते मात्र कधीच इथे आणू नका: डोमेन जिथून घेतलं तिथल्या खात्याचा, आणि भाड्याच्या सर्व्हरच्या खात्याचा. डोमेनची मुदत संपल्याची सूचना त्याच डोमेनवरच्या पेटीत जाऊ लागली, तर ती वाचायला पेटीच उरलेली नसते, आणि पासवर्ड बदलण्याची लिंकही तिथेच गेलेली असते.